हॉलमधला घुमारा

आईला कानाचं मशीन बसवलं त्या उन्हाळ्यात मी नुकतीच घरी बसले होते. आंबीच्या एका कारखान्यात लग्नानंतरची सगळी वर्षं मी खरेदी विभागात काढली. मग कंपनीने तो विभागच दुसऱ्या राज्यात नेला आणि आम्हा जुन्या माणसांना वेळेआधी निवृत्ती घ्यायला लावली. तळेगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचं आवरून झालं की पुढे करण्यासारखं काही उरायचं नाही. मी कपाटं आवरायचे, आवरलेली कपाटं पुन्हा उपसायचे. पुस्तक हातात घेतलं की पान तसंच राहायचं आणि पाय मात्र हलत राहायचा. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा, "अगं, जरा एका जागी बस." मी बसायचे. थोड्या वेळाने उठून स्कूटर काढायचे आणि जुन्या हायवेने औंढ्याला, माहेरी निघायचे.

औंढ्याला धाकट्या भावाने नवं घर बांधलं होतं. शेती होतीच, पण शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या, असा त्याचा बेत होता. त्यामुळे खालचा हॉल त्याने हौसेने मोठा केला. छत दोन मजल्यांइतकं उंच, खाली आरशासारख्या चकचकीत टाइल्स, डोंगराच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काच. बाकी भिंती पांढऱ्याशुभ्र आणि मोकळ्या. खिळा ठोकायची कुणाला परवानगी नव्हती. बाबांचा फोटोसुद्धा देवघरात होता. येणारा प्रत्येक जण दारातच थबकून वर बघायचा, आणि भाऊ त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा.

मशीन बसवायला आम्ही आईला पुण्याला नेलं. तिथल्या बाईंनी तिला एका छोट्या खोलीत बसवलं, दोन्ही कानांमागे मशीन अडकवलं आणि आपलं तोंड कागदाआड लपवून अगदी हळू विचारलं, "आजी, काल रात्री जेवायला काय होतं?"

आई म्हणाली, "पिठलं. पन मीठ कमी पडलं व्हतं."

भावजय हसली. भावाने मान दुसरीकडे वळवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत असं त्याला वाटत होतं. गेली काही वर्षं आईशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, असंच होतं. परतीच्या वाटेवर गाडीत आई सारखी बोलत होती. कामशेतच्या पुढे गाडी थांबवून आम्ही उसाचा रस प्यालो, तर तिला चरकाची घुंगरं ऐकू आली.

घरी आल्यावर मात्र सगळं उलटं झालं. आईला बघायला चुलतघरची माणसं आली होती. सगळे एकदम बोलत होते, भावजय कपबश्या मांडत होती, टीव्ही चालू होता. आईने दोन्ही हात कानांवर धरले. मग तिने मशीन काढलं, स्टीलच्या डबीत ठेवलं आणि मागच्या दाराने गोठ्यात निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने मशीन घातलंच नाही.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. बाईंनी आवाज कमी केला. मग पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी आणखी काही बदललं. त्यांच्या खोलीत आई प्रत्येक वेळी नीट ऐकायची आणि घरी आली की डबी उघडायची. हळूहळू सगळ्यांचं एकमत झालं की आई हट्टी आहे. भाऊ वैतागून म्हणाला, "एवढं चांगलं मशीन आनलं, आन् ही म्हशीपाशी जाऊन बसतीय."

मी आईला गोठ्यात गाठलं आणि तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "मशीन का घालत नाहीस?"

ती म्हणाली, "मशीन चांगलंय गं. पन ह्या घरात समदी एकदम बोलत्यात. भिंतीबी बोलत्यात."

मला तेव्हा काहीच कळलं नाही. वय झालं की माणूस असं काहीतरी बोलतं, असं वाटलं.

कळलं ते भाताच्या खोलीत. नव्या घराच्या मागे एक बुटकी खोली आहे. तिच्यात तांदळाची पोती असतात आणि वरच्या पाहुण्यांच्या जादा गाद्या, गोधड्या थप्पी लावून ठेवलेल्या असतात. मी तळेगावला न्यायला तांदूळ घेत होते आणि आई मापाने पिशवीत ओतत होती. मी आग्रह केला म्हणून तिने मशीन घातलं होतं. मी खाली वाकून पिशवीचं तोंड धरलं होतं, माझी तिच्याकडे पाठ होती, आणि मी सहज, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "घरी बसून जीव नुसता वर-खाली होतो."

"मग एकादा क्लास काढ पोरींचा," आई म्हणाली. "तुला शिकवाया येतं."

मी वळून बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. मी आणखी हळू काहीतरी विचारलं, तिने त्याचंही उत्तर दिलं. आम्ही पिशवी घेऊन हॉलमध्ये आलो, मी तसंच बोलत राहिले आणि आईने कपाळाला आठ्या घालून "आं?" केलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि हॉलच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली. ती टाळी छताला जाऊन, काचेला आपटून माझ्याकडे परत आली आणि बराच वेळ विरली नाही. मग मी भाताच्या खोलीत जाऊन टाळी वाजवली. तिथे ती वाजली आणि संपली. स्वयंपाकघर, जिना, वरची खोली, गोठा, सगळीकडे मी टाळ्या वाजवत फिरले. भाऊ आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आक्का, काय चाललंय?"

"तुझ्या हॉलमध्ये घुमतंय."

"मोठा हॉल हाय. घुमनारच की."

त्या दिवसापासून माझ्या डोक्याने हा विषय सोडला नाही. पुण्याच्या बाईंची ती छोटी खोली आठवली. तिच्या भिंतींना जाड करडं अस्तर होतं. मी ते बघितलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. मी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. जेवताना, भाजी निवडताना, स्कूटर सुरू करायच्या आधीसुद्धा. गोष्ट सोपी होती. टणक, गुळगुळीत जागेवर आवाज आपटतो आणि परत येतो. जाड, मऊ, हवा खेळेल अशा वस्तूत तो शिरतो आणि तिथेच विरून जातो. चांगल्या कानाचा माणूस समोरचं बोलणं आणि त्याचा घुमारा आपोआप वेगळे करतो. आईच्या कानांना ते जमत नव्हतं, आणि मशीन दोन्ही सारखंच मोठं करत होतं.

पहिला प्रयोग फसला. कुठल्याशा व्हिडिओत अंड्यांचे ट्रे भिंतीला लावलेले दाखवले होते. मी तळेगावच्या अंडीवाल्याकडून रिकामे ट्रे गोळा केले आणि औंढ्याला नेऊन एका भिंतीला चिकटपट्टीने लावले. टाळी वाजवली, तर काही फरक नाही. दुपारच्या उन्हात चिकटपट्टी सुटली आणि ट्रे एकेक करून खाली यायला लागले. मग मी गादीवाल्याकडून पातळ फोम आणला. त्याने आवाजाची धार थोडी गेली, खालच्या पट्टीतला गडगडाट तसाच राहिला. पुरुषांचं बोलणं तर आधीपेक्षाही गढूळ वाटायला लागलं. आणि फोम काढताना भावाच्या पांढऱ्या भिंतीचा रंग पोपड्यासकट निघाला.

भाऊ त्या पोपड्यांकडे बघत उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही, पण त्याच्या मानेची शीर दिसत होती. "आक्का, तुला घरी करमत न्हाई हे मला कळतंय. पन माज्या घरावर उद्योग करू नको."

मला ते लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. परत येताना वाटेत मी दोनदा स्कूटर थांबवली. आधी वाटलं, सोडून द्यावं. मग वाटलं, परत जाऊन त्याच्याशी भांडावं. शेवटी घरी आले आणि भांडी घासायला बसले, घासलेलीसुद्धा.

भांडी घासतानाच मला कारखान्यातली कॉम्प्रेसरची खोली आठवली. आत मशीन कानठळ्या बसवायचं, पण दार लावून बाहेर आलं की बोलता यायचं. त्या खोलीला आतून रॉकवूलच्या जाड पाट्या बसवल्या होत्या. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या दाबलेल्या लाद्या. त्यांच्या ऑर्डरी मीच काढायचे. वर्षानुवर्षं मी तो शब्द टाइप केला, भाव घासून कमी केले, माल आला की सही केली, आणि एकदाही ती वस्तू हातात धरून बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या पुरवठादाराच्या गोदामात गेले. तो मला ओळखत होता. त्याला वाटलं, मी पुन्हा कामाला लागले.

"नाही," मी म्हणाले. "घरासाठी हवंय."

"घरात कॉम्प्रेसर आहे का, मॅडम?"

"आई आहे."

तो गोंधळला, पण त्याने माल दिला.

पुढचे काही आठवडे आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझं काम चाललं. लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करायच्या, आत रॉकवूल बसवायचं, त्याचे तंतू उडू नयेत म्हणून आधी पातळ अस्तर आणि वरून कापड ताणून मागे पिना मारायच्या. सांगायला एवढंच. पहिली चौकट मी केली तेव्हा तिचे कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हते. टेकवून ठेवली की ती एका बाजूला कलायची. मी ती उकलून पुन्हा केली. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनही रॉकवूलची खाज मनगटाला लागायची आणि रात्री झोपू द्यायची नाही. शेजारच्या बाई वाळवण घालायला आल्या की विचारायच्या, "अजून चाललंय?" नवरा आधी नुसता बघत होता. मग एक दिवस तो गुपचूप येऊन पट्टीचं दुसरं टोक धरून बसला. त्यानंतर त्याने मला एका जागी बसायला सांगणं बंद केलं.

कापडाचा प्रश्न भावजयीने सोडवला. मी तिला फोनवर सांगितलं की कापड असं हवं, ज्यातून आवाज आत जाईल. कापडाला तोंड लावून फुंकर मारायची, आरपार गेली तर ते चालेल. ती म्हणाली, "वन्सं, मी येते तुमच्यासंगं." आम्ही लोणावळ्याच्या बाजारात पडद्याच्या कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदार एकेक तागा उलगडत होता आणि आम्ही दोघी कापड तोंडाशी धरून फुंकत होतो. जाड, भारी, चमकदार कापडातून वारा जाईना. दुकानदाराने बराच वेळ धीर धरला आणि मग विचारलं, "ताई, वासाचं काही आहे का?"

भावजय इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. शेवटी तिने मातकट रंगाचं, भरड विणीचं सुती कापड निवडलं. बाहेर वडापाव खाताना ती म्हणाली, "खरं सांगू का वन्सं, त्या हॉलमदी माजंबी डोकं उठतं. शनिवारी पाव्हणे आले की समदी आवाज चढवून बोलत्यात, मंग मीबी चढवते. रात्री घसा बसलेला असतो. पन ह्यांना कोन सांगनार? त्यांचा जीव हाय त्या हॉलवर."

"मी सांगू?"

"तुमी नको. मी बगते."

तिने काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. पण पाहुणे नसतील असा आठवड्यातला मधला दिवस ठरला. मी टेम्पोत चौकटी घालून औंढ्याला पोचले, तेव्हा भाऊ ड्रिल मशीन घेऊन दारात उभा होता. त्याचं तोंड वाकडं होतं.

"भोकं मी पाडनार," तो म्हणाला. "तू हात लावायचा न्हाई भिंतीला."

चौकटी भिंतीला घट्ट चिकटवायच्या नाहीत, मागे थोडी पोकळी सोडायची, म्हणजे खालच्या पट्टीतला जाड आवाजही अडकतो, हे मी त्याला समजावलं. त्याने लाकडाचे ठोकळे कापले, पाणी भरलेल्या पातळीनळीने रेषा समतल आहे का ते तपासलं आणि काचेच्या समोरच्या भिंतीवर एका ओळीत चौकटी लावल्या. दोन मोठ्या चौकटी तारेने छतातून आडव्या टांगल्या. त्यासाठी शिडीवर चढून तो खूप वेळ वर लटकत होता आणि मी खाली शिडी धरून, पाय बदलत, सूचना देत होते. "आक्का, गप ऱ्हा," तो वरून म्हणाला. काचेला भावजयीने जाड पडदे लावले आणि बसायच्या जागेखाली सतरंजी अंथरली.

काम झाल्यावर मी टाळी वाजवली नाही. मला भीती वाटत होती. भावानेच वाजवली. वाजली, थोडी रेंगाळली आणि विरली. भाताच्या खोलीइतकं नाही, पण आधीचा घुमारा गेला होता. त्याने पुन्हा वाजवली, मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन वाजवली. माझ्याकडे बघून त्याने ओठ पुढे काढून मान हलवली.

आई गोठ्यातून आली. मी तिला मशीन घालायला लावलं. ती सतरंजीवर बसली, आम्ही चहा घेत बसलो आणि उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं, पाऊस कधी लागेल, असलं बोलत राहिलो. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने भावजयीला विचारलं, "काय गं, भांडलाय का तुमी?"

"न्हाई ओ, आत्या."

"मंग येवढं हळू का बोलताय समदी?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही सगळेच हळू बोलत होतो. कुणी ठरवलं नव्हतं. त्या हॉलमध्ये आता ओरडायची गरज नव्हती.

त्यानंतर आई मशीन घालायला लागली. दिवसभर नाही, पण हॉलमध्ये बसली की घालायची. मी अधूनमधून जायचे, खुर्च्या इकडून तिकडे हलवून बघायचे, कुठे बसलं की तिला जास्त चांगलं ऐकू येतं ते शोधायचे. अजून दोन चौकटी जिन्याच्या भिंतीला लावल्या तर, असं सारखं मनात येत होतं. आई म्हणायची, "आता पुरं कर. बस माज्यापाशी." मी बसायचे आणि बसल्या बसल्या जिन्याच्या भिंतीचं माप डोळ्यांनी घ्यायचे.

मग तो रविवार आला. मी तिथेच होते. आई सतरंजीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. लोणावळ्यात जमिनीचे व्यवहार करणारा एक माणूस भावाला भेटायला आला होता. तो याआधीही बऱ्याचदा आला होता, असं त्याच्या बसण्यावरून वाटलं. भावजयीने चहा दिला. तो माणूस म्हणाला, "खालचं खाचर रस्त्याला लागून आहे. पार्टी तयार आहे. फक्त सातबाऱ्यावर आईंचं नाव आहे, त्यांची सही लागेल."

खाली रस्त्याच्या कडेचं ते भाताचं खाचर म्हणजे आमची सगळ्यांत चांगली जमीन. भाऊ नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सहीचं काय न्हाई. मी सांगीन तिला. करंल ती."

आई त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तिचे हात थांबले.

"कसली सही?" तिने विचारलं.

भावाने आधी आईकडे आणि मग, का कोण जाणे, भिंतीकडे बघितलं.

"खालचं खाचर इकायचं चाललंय?"

"आये, मी सांगनारच व्हतो तुला."

"कदी?" आई म्हणाली. "मी मशीन काढल्यावर?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिने परात उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. तो माणूस चहा संपवून, नंतर फोन करतो म्हणून निघून गेला.

मी अंगणात आले. भाऊ माझ्यामागे आला. मला वाटलं, तो आता ओरडेल.

"आक्का, तू काय करून ठेवलंस ठाऊक हाय का? आता घरात एक शब्द बोलायची सोय ऱ्हायली न्हाई."

"तू तिला न सांगता जमीन विकणार होतास," मी म्हणाले. "ती समोर बसलेली असताना."

"न सांगता न्हाई." तो पायरीवर बसला. "कसं सांगू? इतकी वरसं तिच्याशी वरडून बोलतोय मी. जेवली का, गोळी घेतली का, झोप आता. एवडंच वरडून बोलता येतं. माजे गुडघे गेलेत, लावनीला मानसं मिळत न्हाईत, पोरगा सुदुंबऱ्याच्या कंपनीत रमलाय, त्याला चिखलात उतरायचं न्हाई. हे तिला वरडून कसं सांगायचं? निम्मं गाव ऐकंल. म्हनून न्हाई सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो."

मी भांडायच्या तयारीने उभी होते आणि भांडण माझ्या हातातून गळून पडलं. तो थकलेला दिसत होता. घर बांधलं तेव्हाच्या हौसेने चेहऱ्यावर आलेलं ते तेज गेलं होतं.

"मग आता सांग," मी म्हणाले. "आता ओरडावं लागणार नाही."

त्याने लगेच सांगितलं नाही. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि भाऊ माझा फोन उचलेना. त्या दिवसांत मी तळेगावच्या घरात येरझाऱ्या घालत होते. मशीन पुण्याच्या खोलीतच चालत होतं, ते ठीक होतं, असंसुद्धा एकदा मनात आलं. मग त्या विचाराची लाज वाटली. भावजयच फोनवर खबर द्यायची. शेवटी तिनेच सांगितलं की मायलेक दुपारभर हॉलमध्ये बसून बोलले. आई रडली, भाऊही रडला, आणि भावजयीने त्यांना दोनदा चहा करून दिला.

आईने सही केली नाही. पण भाऊ थकलाय हे तिने ऐकून घेतलं. खाचर गावातल्याच एका कुटुंबाला वाट्याने कसायला द्यायचं ठरलं. म्हणजे चिखलात ते उतरतील आणि पिकातला हिस्सा घरी येईल. "माज्या मागं तुला काय करायचं ते कर," आई म्हणाली, "पन माज्यासमूर मला इचारून कर." भावाचं मन काही पूर्ण मानलं नाही. मिळणारी रक्कम त्याच्या डोळ्यांसमोर होती. अजूनही खाचराच्या बाजूने जाताना तो गाडी जरा जोरात नेतो, असं भावजय सांगते.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा आई एकटीच हॉलमध्ये होती. वरचे पाहुणे फिरायला गेले होते. मी तिला विचारलं, "तुला राग आला का माझा?"

"तुजा का येईल?" ती म्हणाली. "लोकं माज्यासमूर काय काय बोलत व्हती गं. म्हातारीला काय कळतंय, म्हनून. मी आपली हसून मान हलवायची. आता कळतंय, कशाकशाला हसले ते."

मी तिचा हात धरला. मला वाटत होतं काहीतरी करावं, उठावं, एखादी चौकट सरळ करावी. मी उठले नाही. तिनेच हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "जा, च्या कर."

पावसाळ्यात भिंतीवरच्या दोन चौकटींच्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके आले. त्या भागात भिंती ओल धरतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. भावाने मला न बोलावता त्या काढल्या, शेगडीजवळ वाळवल्या, भावजयीने नवं कापड ताणून बसवलं आणि त्याने त्या जरा वर, जास्त पोकळी सोडून पुन्हा लावल्या. मी गेले तेव्हा काम झालेलं होतं. मला चुटपुट लागली. एवढं माझं काम, आणि मला कुणी विचारलंही नाही.

तसं बघितलं तर आणखीही एक काम गेलं होतं. आईला घरातलं, गावातलं, नात्यातलं जे काही सांगायचं असे ते इतकी वर्षं मीच तिच्या कानाशी बसून सांगत होते. कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, भाऊ काय म्हणतो. आता ती थेट ऐकते आणि थेट बोलते. भावाशी तिचं रोज काही ना काही वाजतं. खतावरून, म्हशीवरून, पाहुण्यांनी गाडी कुठे लावायची यावरून. आधी मला फोन यायचा, "आक्का, आयेला जरा समजाव." आता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी सकाळचं आवरून, कपाटाचं दार उघडं टाकून, औंढ्याला फोन केला. भावजयीने तो स्पीकरवर लावून आईजवळ ठेवला. मागे भावाचा आणि आणखी कुणा बायकांचा आवाज येत होता, आणि प्रत्येकाचं बोलणं वेगळं, नीट कळत होतं.

"आई, मी उद्या येऊ का?" मी विचारलं.

"ये की. पन आता ठेव," आई म्हणाली. "आमी बोलतोय."